वाचलेले ओळखीचे वाटते, पण आठवत का नाही?

राज्यघटनेतील मूलभूत हक्कांचे प्रकरण चार वेळा वाचून झाले, अभ्यासिकेत प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि सराव परीक्षेत मात्र काहीच आठवत नाही, असे आपण लिहिले आहे. नागपूरच्या धरमपेठेतील एका अभ्यासिकेत, कूलरच्या घरघरीत, मीही दोन वर्षे हेच केले. माझ्या पुस्तकात अधोरेखित न केलेली ओळ शोधावी लागत असे. दोष आपल्या स्मरणशक्तीचा नाही. समोर आलेले ओळखणे आणि समोर नसलेले आठवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पुन्हा पुन्हा वाचून सराव होतो तो मुख्यतः पहिल्याचा.

रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे नेमके तपासले. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि मग तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते, परंतु आठवड्यानंतर त्यांना सुमारे ४२ टक्के आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला. वाचून लगेच जो आत्मविश्वास येतो, तो म्हणूनच फसवा असतो. आमचे आजोबा जेवताना मध्येच 'सतरा नवे किती?' असे विचारत आणि पाढा पहिल्यापासून म्हणू देत नसत. तेव्हा राग येई, पण ते करवून घेत होते ते हेच.

दुसरी बाब उजळण्यांमधील अंतराची. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. तेच गट पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे तो मोजत असे. तासाभरातच निम्म्याहून अधिक बचत संपत असे, दिवसाअखेर सुमारे एक तृतीयांश उरे, आणि महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश टिकून असे. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असल्यामुळे पहिली उजळणी त्याच संध्याकाळी व्हावी आणि पुढच्या उजळण्यांमधील अंतर वाढवत न्यावे. रात्र जागून हे साधत नाही, कारण दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते.

आपण विचारलेल्या, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ मधील पाच प्राधिलेखांच्या (रिट, म्हणजे हक्कांच्या रक्षणासाठी न्यायालय काढते ते आदेश) क्रमासाठी मात्र स्थानपद्धती वापरावी, म्हणजे ओळखीच्या वाटेवरील एकेका ठिकाणी लक्षात ठेवायच्या गोष्टीचे एकेक चित्र मनात उभे करावे. ही युक्ती प्राचीन ग्रीक-रोमन वक्त्यांची आहे, पण आपल्याला नागपूर मेट्रोच्या ॲक्वा लाईन या मार्गावरील स्थानके पुरतील. सीताबर्डी स्थानकावर बेड्या घातलेला माणूस न्यायाधीशांपुढे उभा केला आहे: बंदी प्रत्यक्षीकरण. झाशी राणी चौकात राणी घोड्यावरूनच एका सुस्त अधिकाऱ्याला 'कामाला लाग' असे फर्मावते आहे: परमादेश. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्सच्या फाटकात कनिष्ठ न्यायाधीशाला हात आडवा करून अडवले आहे: प्रतिषेध. शंकर नगर चौकात तपासनीस एका ऐटबाज गृहस्थाला 'या खुर्चीवर कोणत्या अधिकाराने बसलात?' असे विचारतो: अधिकारपृच्छा. एलएडी चौकात खटल्याच्या कागदांचे गाठोडे दोरीने वर, वरिष्ठ न्यायालयाकडे, ओढले जात आहे: उत्प्रेषण. चित्रे जितकी विचित्र, तितकी बरी. पण या पद्धतीने क्रम आणि नावे टिकतात, अर्थ समजत नाही. प्रतिषेध आणि उत्प्रेषण यांतील फरक आधी समजून घ्यावाच लागेल.

आज रात्री पुस्तक मिटून हा प्रवास एकदा करा आणि उद्या सकाळी पुन्हा. पाचही नावे आली, तर पुढची उजळणी चौथ्या दिवशी ठेवा; एखाद्या स्थानकावर अडलात, तर निदान मिनिटभर तिथेच थांबून आठवण्याचा प्रयत्न करा, आणि मगच पान उघडा.