फुलं आहेत, मोनार्क फुलपाखरं येतात, मग अळ्या का नाहीत?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीतल्या अंगणात बटरफ्लाय बुश लावलं, मोनार्क येतात, मध पितात आणि निघून जातात, अंडं एकही नाही. आता गावाकडचं हळदीकुंकवाचं झाड लावावं का?

मध मिळतो, म्हणून फुलपाखरू येतं. पण त्याच्या अळीला मिल्कवीडशिवाय दुसरं पान चालतच नाही, त्यामुळे मादी अंडी तिथेच घालते. हे आपल्या रुईच्या कुळातलं झाड, पान तोडलं की तसाच पांढरा चीक. मोठी अळी आधी पानाची मधली शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग पुढचं पान खाते. भिंग घेऊन बसा एकदा, जेवायला उठावंसं वाटणार नाही.

हळदीकुंकू हेही मिल्कवीडच, मूळचं उष्ण अमेरिकेतलं. टेक्सास-फ्लोरिडात ते हिवाळ्यातही मरत नाही आणि त्याच्या पानांवर मोनार्कला पोखरणाऱ्या एका परजीवीचे बीजाणू साठत जातात. तुमच्याकडे ते थंडीने जाईल, तरी इथली मूळची मिल्कवीड मिळत असताना ते लावू नका. ओलसर जागा असेल तर स्वॅम्प मिल्कवीड, कोरडी आणि उन्हाची असेल तर नारिंगी फुलांचं बटरफ्लाय वीड. कॉमन मिल्कवीड मुळांनी पसरतं, लहान वाफ्यात नको. बी नोव्हेंबरात बाहेरच पेरा. थंडी लागल्याशिवाय ते नीट रुजत नाही.

तयार रोपं घेणार असाल तर फवारणीचं आधी विचारा. पहिल्या वर्षी मी एका नर्सरीतून चार रोपं आणली. आठवड्यात सात अळ्या मोजल्या, दोन दिवसांनी सातही कुंडीच्या मातीत निपचित पडलेल्या. फोन केल्यावर कळलं, रोपांना निओनिकोटिनॉइड हे कीटकनाशक दिलेलं होतं. ते झाडाच्या रसातच भिनतं, पान धुऊन जात नाही. त्या सात अळ्या मला अजून दिसतात.

पिवळा मावा येईलच. पानाखाली टाचणीच्या डोक्याएवढी फिकट अंडी नाहीत ना ते बघा आणि पाण्याच्या धारेने मावा उडवा. औषध नको, अगदी कडुनिंबाचं तेलही नको. डासांची फवारणी करणाऱ्यांनाही अंगणात घेऊ नका. पानं चाळणीसारखी झाली की शेजारी विचारतील. खुशाल सांगा, त्यासाठीच लावलीत.

सप्टेंबरमधली पिढी वेगळी. ती अंडी न घालता थेट मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांतल्या ओयामेल वृक्षांवर हिवाळा काढायला जाते. १९९६-९७ मध्ये तिथे सुमारे १८ हेक्टर जंगल मोनार्कनी भरलं होतं, २०२३-२४ मध्ये एक हेक्टरही नाही. एवढ्या प्रवासाची चरबी तिला शरदातल्या फुलांवरच साठवावी लागते. म्हणून अॅस्टर लावा आणि कुंपणाशी आपोआप उगवलेला पिवळ्या फुलांचा गोल्डनरॉड उपटू नका. शिंका त्याने येत नाहीत, रॅगवीड या तणाने येतात.