पहिली रिलोडिंग प्रेस कोणती घ्यावी?

सिंगल स्टेज घ्या, म्हणजे दांड्याच्या एका ओढीला एकच काम करणारी. ओतीव लोखंडाची, जड, बंद चौकटीची. तुम्ही लिहिलंय की टेक्सासात राहता, ९ मिमी पिस्तूल आणि .३०८ रायफल आहे, वापरलेल्या पुंगळ्यांत पुन्हा दारू-गोळी घालून काडतुसं घरी भरायची आहेत आणि मित्र म्हणतात, "सिंगल स्टेजमध्ये वेळ कशाला घालवतोस, थेट प्रोग्रेसिव्ह घे." हे वाचलं आणि लिहायला बसलो, कारण नऊ वर्षांपूर्वी आमच्या दाजींनी मला शब्दशः हेच सांगितलं होतं.

दाजी या छंदात माझ्या कितीतरी आधीपासून आहेत. त्यांचं म्हणणं असं की प्रोग्रेसिव्हवर दांडा ओढला की दर खेपेला एक तयार काडतूस पेटीत पडतं, आणि सिंगल स्टेजवर एका काडतुसासाठी चार-पाच वेळा दांडा ओढत बसावं लागतं. हिशेब बरोबर होता. मी प्रोग्रेसिव्ह घेतली.

तिसऱ्या आठवड्यात एक प्राइमर (पुंगळीच्या बुडाला बसणारी, दारू पेटवणारी टोपी) आडवा अडकला. त्या क्षणी यंत्राच्या फिरत्या प्लेटवरच्या पुंगळ्या वेगवेगळ्या टप्प्यांवर होत्या. एकीत दारू पडलेली, एकीत अजून नाही, एकीवर गोळी टेकवलेली. प्राइमर सोडवायला मी दोन पुंगळ्या बाहेर काढल्या, प्लेट हाताने मागेपुढे फिरवली, पुंगळ्या परत ठेवल्या आणि काम पुढे चालू केलं.

त्या शनिवारी रेंजवर एक बार वेगळाच झाला. बारीक "फट" असा आवाज, हाताला धक्का नाही. मला वाटलं काडतूस फुसकं निघालं. सवयीने स्लाइड ओढली, नवीन काडतूस आत गेलं, बोट ट्रिगरवर गेलं. तेवढ्यात शेजारच्या लेनमधले आजोबा जिवाच्या आकांताने ओरडले, "थांब!" त्यांनी आवाज ओळखला होता. पिस्तूल रिकामं करून उघडलं तर गोळी नळीच्या मध्यात रुतलेली. पुंगळीत दारूच नव्हती, नुसत्या प्राइमरच्या जोरावर गोळी तिथवर गेली होती. तिच्यामागे दुसरी झाडली असती तर नळी फुगली असती, फुटलीही असती. त्या आजोबांचं नाव मी विचारलं नाही, याची आजही खंत आहे.

घरी प्राइमर अडकला त्या दिवशी भरलेली तीनशे चाळीस काडतुसं होती. वजन करून रिकामं काडतूस हुडकता येईल असं वाटत असेल तर ते विसरा. पिस्तुलाच्या काडतुसात दारू इतकी थोडी असते की पुंगळ्या-गोळ्यांच्या वजनातल्या फरकातच ती हरवते. चार संध्याकाळ बसून सगळी हातोडी-पुलरने (आपटून गोळी बाहेर काढणाऱ्या हत्याराने) फोडली. एका पुंगळीत दारू दुप्पट निघाली. ९ मिमीत काही दारू दुप्पट पडली तरी सांडत नाही, गोळी वरून निमूट बसते.

त्याच आठवड्यात कोल्हापूरला आप्पांशी बोललो. आप्पांची सगळी हयात उद्यमनगरात फ्लायप्रेसवर गेली. यंत्राचा फोटो पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "एका दांड्यात इतकी कामं होतात, मग तू तपासतोस कुठं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिंगल स्टेजवर तपासायची ती जागा आपोआप मिळते. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करायच्या, सगळ्यांत दारू घालायची, टॉर्च मारून पन्नासही तोंडांत डोकवायचं, पातळी सारखी दिसली तरच गोळ्या बसवायला घ्यायच्या. रिकामी आणि दुप्पट, दोन्ही तिथेच उघडी पडतात.

दाजी अजून म्हणतात की चूक यंत्राची नव्हती, तुझी होती. मान्य, माझीच होती. पण नवशिक्या चुकणारच, म्हणून त्याची चूक लगेच दिसेल असंच यंत्र त्याच्या हाती द्यायला हवं. दाजी स्वतः सिंगल स्टेजवर शिकले, मगच पुढे गेले. हे ते कधीच सांगत नाहीत.

आता नावं. आरसीबीएस कंपनीची रॉक चकर घ्या, आयुष्यभर पुरेल. हात आखडता असेल तर ली कंपनीची क्लासिक कास्ट. सिंगल स्टेजवर अगदीच जीव रमणार नसेल तर ली कंपनीची क्लासिक टरेट: तिच्यात वरचं साच्यांचं चक्र फिरतं, ते फिरवणारा दांडा काढून ठेवला की ती सिंगल स्टेजसारखीच चालते. डाय, म्हणजे प्रेसमध्ये आट्यांनी बसणारे, पुंगळीला आकार देणारे साचे, वाया जाणार नाहीत. सात-अष्टमांश इंच जाडीचे, इंचाला चौदा आट्यांचे डाय पुढे डिलन ५५० ही प्रोग्रेसिव्ह घेतलीत तरी तिच्यावर बसतात. ९ मिमीला कार्बाइड डाय घ्या, पुंगळीला वंगण लावायची कटकट नाही. .३०८ ला मात्र वंगण हवंच, नाहीतर पुंगळी डायमध्ये अशी घट्ट बसेल की ड्रिल आणि टॅप घेऊन काढावी लागेल.

प्रेसवर वाचवलेत तर ते पैसे तराजूत घाला. ०.१ ग्रेनपर्यंत (एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग) मोजणारा तराजू, तपासणीचं वजन, कॅलिपर आणि दारूच्या कंपनीचं चालू मॅन्युअल. दारूचं माप कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, माझ्याही नाही. सुरुवात मॅन्युअलमधल्या कमीत कमी मापाने करा, आणि टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवा.

दोन गोष्टी राहिल्या. तुम्ही स्पर्धांना उतरत असाल आणि महिन्याला हजारभर ९ मिमी उडवत असाल, तर वर्षभराने प्रोग्रेसिव्ह जरूर घ्या; मीही गेल्या वर्षी पुन्हा एक घेतली, .३०८ मात्र अजून जुन्या सिंगल स्टेजवरच भरतो. आणि स्वतःपुरती काडतुसं भरायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही, पण धंदा म्हणून विकायला लागतो. मित्रांना भरून देण्याच्या फंदात पडू नका. दाजींनी मागितली तेव्हा मीही नाहीच म्हटलं.