आज नको, मे महिन्यात ये
(पुण्यात तीस वर्षं रक्तपेढीत काम केलेल्या ताई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, पहलगामच्या हल्ल्यात आपल्या पुण्याचे दोघे गेले, तेव्हापासून जगात कुठेही हल्ला झाला की मी रात्री दोनपर्यंत मोबाइल घेऊन बसते. आलेलं सगळं पुढे पाठवते. मिस्टर म्हणतात, तुझ्या पाठवण्याने काय होणार? पण नुसतं बसवत नाही हो. आपण करायचं तरी काय?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : १३ फेब्रुवारी २०१०, शनिवार. संध्याकाळी सातच्या सुमारास कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला. १७ माणसं गेली. मी तेव्हा स्टेशनच्या बाजूला एका रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. साडेआठपर्यंत रांग जिना उतरून रस्त्यावर गेली होती. रिक्षावाले, कॉलेजची पोरं, लग्नातून तशाच आलेल्या दोघी जावा. तेवढ्यात कुणीतरी एसएमएस सोडला, ‘निगेटिव्ह रक्त तातडीने हवे’. आम्ही असा निरोप दिलाच नव्हता. फोन इतके खणखणायला लागले, की ज्या वॉर्डातून खरी मागणी यायची त्यांनाच लाइन लागेना. शेवटी तिथला वॉर्डबॉय चिठ्ठी घेऊन धावत आला. पुढे ढकललेल्या निरोपांची मला तेव्हापासून धास्ती आहे.

शिवाय, तुम्ही आत्ता दिलेली पिशवी आत्ताच्या जखमीला लगेच चढत नाही. आधी एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग, मलेरिया, सगळं तपासावं लागतं. त्या रात्री जे चढवलं, ते आधीच्या दिवसांत कुणीतरी येऊन देऊन गेलेलं रक्त होतं. तेव्हा ना स्फोट होता, ना बातमी. लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स ५. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर लोकांनी इतकं रक्त दिलं, की पुष्कळसं मुदत संपून टाकून द्यावं लागलं. देणाऱ्यांचा जीव तुटत होता, यात मला शंका नाही.

रांगेतल्या एका मुलाला मी म्हटलं, “आज नको रे, मे महिन्यात ये. कॉलेजं बंद असतात, शिबिरं होत नाहीत, आमचा फ्रिज रिकामा पडतो.” तो चिडला. “मॅडम, आमच्याच रस्त्यावर झालंय हे!” मी तारीख लिहून चिठ्ठी हातात दिली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो आला, तीच चिठ्ठी घेऊन. घामाने शाई पसरली होती.

तेव्हा तुमचं वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन साडेबारा असेल, तर दर चार महिन्यांनी रक्त द्या. मिस्टरांना तीन महिन्यांनी चालतं, त्यांनाही घेऊन जा. मोबाइलचं म्हणाल, तर मे २०२५ मध्ये व्हिडिओ गेममधली दृश्यं युद्ध म्हणून घरोघरी फिरली. पाठवण्याआधी केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकवर बघा, बघायला वेळ नसेल तर पाठवू नका. आणि पोलिस कुठे उभे आहेत, लष्कराच्या गाड्या कुठून गेल्या, हे तर कधीच नको. २६/११ ला टीव्हीवरची कारवाई सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार बघत होते आणि फोनवरून सूचना देत होते. कसाबच्या खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्यावरून कडक शब्दांत सुनावलं आहे.

प्रश्न : तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तिकडची सफरचंदं बंद केली होती. मी अजूनही घेत नाही. बरोबर ना?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : पैसा तुमचा आहे, नका घेऊ. मीही तेव्हा हिमाचलची घेतली. फक्त हातगाडीवाल्याला बोल लावू नका, त्याने पेटीचे पैसे आधीच मोजलेले असतात.

प्रश्न : आमच्याकडे दोन काश्मिरी मुलं भाड्याने राहतात, इंजिनिअरिंगला आहेत. लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला, त्यात डॉक्टरही पकडले गेले, तेव्हापासून सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, खोली रिकामी करून घ्या. मुलं चांगली आहेत, पण एकट्याने विरोध कसा करू?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : सेक्रेटरींना भीती वाटते, ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. त्या भीतीसाठीच भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. तुम्ही दिली असेलच, नसेल तर आजच द्या आणि पोचपावतीची प्रत सेक्रेटरींच्या हातात ठेवा. संशय घेण्यासारखं खरंच काही दिसलं तर पोलिसांना कळवा. पण नुसत्या गावाच्या नावावरून पोरांना बाहेर काढू नका. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ जण मारले गेले. त्यात एक तिथलाच काश्मिरी घोडेवाला होता, पर्यटकांना वाचवायला गेलेला. त्याच्याही घरात आई-बाप आहेत, आणि तुमच्या या दोघांचे आई-बाप प्रत्येक बातमीनंतर पहिला फोन पुण्याला लावत असतील.

मुलांना वरणभाताला बोलवा आणि घडतंय ते स्वतः सांगा, त्यांना जिन्यात कुणाकडून कळायला नको. मीटिंगमध्ये विषय निघालाच, तर तारीख मासिकाच्या पत्त्यावर कळवा. सहकारनगरहून धनकवडी मला लांब नाही, मी तुमच्या शेजारी येऊन बसेन.