नास्तिकांच्या प्रश्नांमुळे ख्रिस्ती विश्वास धोक्यात येतो का?

प्रश्न : आमच्या मंडळीच्या तरुण संघात महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा नियमित येतो. त्याचे आईवडील मंडळीचे जुने सभासद आहेत, पण तो स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवतो. नोहाच्या तारवात सगळे प्राणी मावले कसे, देव प्रेमळ असेल तर लहान मुलांना कर्करोग का होतो, असे प्रश्न तो विचारतो आणि इतर मुले तेच प्रश्न घरी नेतात. कोवळ्या मुलांचा विश्वास डळमळेल, म्हणून त्याला येऊ देऊ नये, असे वडीलमंडळींपैकी काहींचे म्हणणे आहे. संघाची जबाबदारी माझ्याकडे आहे. अशा प्रश्नांनी ख्रिस्ती धर्माला खरोखर धोका असतो का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : धोका मुळीच नाही, असे सांगून आपली समजूत घालता आली असती, पण ते पूर्ण खरे ठरले नसते. जगाची उत्पत्ती सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी सहा दिवसांत झाली, जलप्रलयाने सारी पृथ्वी बुडाली, बायबलची पहिली पाच पुस्तके मोशेने स्वतःच्या हाताने लिहिली, या गोष्टी दोनशे वर्षांपूर्वी बहुतेक ख्रिस्ती लोक निःशंकपणे मानत असत. आज अनेक प्रमुख मंडळ्यांच्या धर्मविद्यालयांत त्या तशा शिकवल्या जात नाहीत, आणि हा बदल प्रश्नांनीच घडवून आणला आहे. तेव्हा प्रश्नांनी काहीतरी हिरावून घेतले हे मान्यच करायला हवे. जे गेले तोच आपला विश्वास होता का, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे.

आपल्या संघातील मुलाने विचारलेला तारवाचा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत विचारला गेला होता, आणि विचारणारा नास्तिक नव्हता. तेथील नाताळ नावाच्या वसाहतीचे अँग्लिकन बिशप जॉन विल्यम कोलेन्सो उत्पत्तीच्या पुस्तकाचे झुलू भाषेत भाषांतर करत होते. त्यांचे झुलू सहकारी विल्यम एन्गिडी यांनी जलप्रलयाच्या कथेपाशी थांबून त्यांना विचारले की, हे सगळे खरे आहे का. उष्ण आणि थंड देशांतले लहानमोठे सर्व प्राणी जोडीजोडीने खरोखर तारवात आले का, आणि त्या सर्वांसाठी, अगदी हिंस्र पशुपक्ष्यांसाठीसुद्धा, नोहाने अन्न गोळा केले का. कोलेन्सो गणितज्ञ होते, त्यांनी भूगर्भशास्त्रही वाचले होते, आणि असा जागतिक जलप्रलय झालेला नाही हे त्यांना ठाऊक होते. परमेश्वराच्या नावाने खोटे बोलावे काय, हे संदेष्ट्याचे शब्द त्या क्षणी आपल्या मनात आले, असे त्यांनी पुढे लिहिले. 1862 मध्ये त्यांनी पंचग्रंथाची, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांची, चिकित्सा करणाऱ्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. केप टाउनच्या बिशपांनी 1863 मध्ये त्यांना पदच्युत ठरवले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींसाठीच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, 1865 मध्ये तो निर्णय रद्दबातल केला, पण चर्चमधली फूट काही मिटली नाही. कोलेन्सो मात्र नाताळमध्येच राहिले, उपासना घेत राहिले आणि झुलू लोकांवर वसाहतीच्या सरकारने केलेल्या अन्यायाविरुद्ध आपले गोरे मित्र गमावूनही अखेरपर्यंत लढले. झुलू लोक त्यांना ‘सोबांटू’, म्हणजे लोकांचा पिता, म्हणत. एका प्रश्नाला खरे उत्तर दिल्याने या माणसाचा ख्रिस्तावरचा विश्वास नष्ट झाला असे कोणाला म्हणायचे असेल, तर त्याने त्यांच्या शेवटच्या दहा वर्षांचा इतिहास आधी वाचावा, असे मला कळकळीने वाटते.

प्रश्नकर्त्याला दाराबाहेर ठेवावे ही आपली मूळ परंपराही नाही. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या ग्रीक विचारवंताने ख्रिस्ती धर्मावर कडाडून टीका करणारा ग्रंथ लिहिला. तो नास्तिक नव्हता. उलट रोमन देवतांना न मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांनाच त्या काळी नास्तिक म्हणत असत. त्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही, तरीही त्यातील बराच मजकूर आपल्याला वाचता येतो, कारण इ. स. 248 च्या सुमारास त्याला उत्तर देताना ख्रिस्ती विद्वान ओरिजेनने त्याची वाक्येच्या वाक्ये उद्धृत केली. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसने आपल्या महाग्रंथात देवाच्या अस्तित्वाची चर्चा केली, तेव्हा आधी विरुद्ध बाजूचे दोन आक्षेप मांडले : जगात दुष्टता आहे, आणि निसर्गातील घडामोडी देवाविनाही समजावून देता येतात. आजचा नास्तिकही प्रामुख्याने हेच दोन आक्षेप घेतो.

यांपैकी दुष्टतेचा आणि दुःखाचा आक्षेप मला तारवाच्या प्रश्नापेक्षा कितीतरी जड वाटतो. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमधली चर्चे भाविकांनी भरलेली असताना भूकंप झाला. त्यामागोमाग समुद्राच्या लाटा आणि आग यांनी शहराचा मोठा भाग नष्ट केला. हे लोकांच्या पापांचे शासन आहे, असे मालाग्रिदा या जेझुइट धर्मगुरूने पत्रक काढून सांगितले. बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकात निर्दोष ईयोबावर संकटे कोसळतात, तेव्हा त्याचे मित्र अगदी असेच बोलतात. ते देवाची बाजू घेतात, ईयोब मात्र देवाला जाब विचारतो. आणि अखेरच्या अध्यायात देव त्या मित्रांना सांगतो की माझ्याविषयी माझा सेवक ईयोब बोलला तसे तुम्ही यथार्थ बोलला नाहीत. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख येतो, तेथे येशूनेही ती माणसे इतरांपेक्षा अधिक पापी होती हे स्पष्टपणे नाकारले. लहान मुलाला कर्करोग का होतो याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ तयार उत्तर असते त्याला आजारी मुलाच्या आईसमोर बोलू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

मग माणसे चर्च सोडून जातात ती कशामुळे? आयर्लंडच्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 84 टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हणून नोंदवले होते. 2022 मध्ये हे प्रमाण 69 टक्क्यांवर आले. याला एकच कारण नाही. तरी धर्मगुरूंनी आणि धर्मसंस्थांनी मुलांवर केलेले अत्याचार आणि ते वर्षानुवर्षे झाकून ठेवण्याची वरिष्ठांची वृत्ती 2009 च्या चौकशी अहवालांतून उघड झाली, तेव्हा त्या देशाचा चर्चवरचा भरवसा उडाला, हे तेथील बिशपांनीही नाकारलेले नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1965 मध्ये स्वीकारलेल्या आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात तर नास्तिकतेच्या जन्माला श्रद्धावंतांचाही बराच हातभार लागतो, कारण चुकीच्या शिकवणीने आणि सदोष आचरणाने ते देवाचे खरे रूप दाखवण्याऐवजी झाकतात, असे स्वच्छ म्हटले आहे.

सत्तेच्या जोरावर लादलेली नास्तिकता ही वेगळी बाब आहे. 1967 मध्ये अल्बानियाने सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे बंद केली, धर्मगुरूंना तुरुंगात टाकले. तो धोका खराच होता. पण तेथे प्रश्न विचारले जात नव्हते, आज्ञा दिल्या जात होत्या. आपल्या वडीलमंडळींच्या मनात हे दोन्ही एकत्र झाले असावेत.

मराठी ख्रिस्ती माणसाला तर यासाठी दूर जाण्याचे कारणच नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयी आणि धर्माधिकाऱ्यांच्या अधिकाराविषयी त्या वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांना परखड पत्रे लिहीत राहिल्या. बिशपच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानायला आपण बांधील नाही, असे त्यांनी कळवले, आणि त्यांचा हा ताठरपणा त्या सिस्टरना फार सलला. पुढे याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. त्यांना 1883 सालीच गप्प बसवले असते, तर त्या आपल्यात टिकल्या असत्या असे मला वाटत नाही.

त्या मुलाला येऊ द्या. एका बैठकीत उत्पत्तीचे सहावा आणि सातवा अध्याय सगळ्यांसमोर उघडा, आणि एका ठिकाणी प्रत्येक जातीची एक जोडी, तर दुसऱ्या ठिकाणी शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या असे का लिहिले आहे, हे मुलांनाच शोधू द्या. दोन जुन्या कथा येथे एकत्र गुंफल्या आहेत असे बहुतेक अभ्यासक मानतात, हे त्यांना आपल्याकडून कळलेले बरे. मोबाइलवर कळले तर आपण लपवले असे त्यांना वाटेल. पेत्राच्या पहिल्या पत्रात आपल्या आशेविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सिद्ध असावे, पण ते सौम्यतेने द्यावे, असे सांगितले आहे. म्हणून त्या मुलाचा चारचौघांत पाणउतारा होणार नाही याची काळजी घ्या, आणि त्यानेही कोणाच्या प्रार्थनेची टिंगल करू नये हे त्याला एकट्याला भेटून सांगा. जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणा. ज्या वडिलांना हरकत आहे त्यांना आधी एकदा त्या बैठकीला बसण्याची विनंती करा, आणि निर्णय त्यानंतरच घ्या.