विद्यापीठात नृत्य शिकवायला जाताना

प्रश्न : ताई, मी विश्रामबागेत राहते. कथकमध्ये अलंकार ही परीक्षा केली, पुढे नृत्यात एम.ए. केलं. सध्या एका संचातून परगावी कार्यक्रम करते आणि सांगलीत असेन तेव्हा क्लास घेते. आता एका विद्यापीठाच्या नृत्य विभागातून तासिका तत्त्वावर शिकवण्यासाठी विचारणा झाली आहे. घरचे म्हणतात, बरं झालं, दौरे थांबतील. मला मात्र धास्ती वाटते की शिकवता शिकवता माझं नाचणंच संपून जाईल. तुम्ही मंचावरून विद्यापीठात गेलात, विभागप्रमुखही झालात. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जा. फक्त दौरे थांबवायला म्हणून जाऊ नकोस. जिचे कार्यक्रम चालू आहेत तिच्याकडून मुली वेगळं शिकतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. परवाच्या कार्यक्रमात तबलजींनी लय चढवली तेव्हा तू कशी सावरलीस, हे त्यांना कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही.

तुझी धास्ती खरी आहे, पण तिचं मूळ कशात आहे ते बघ. वर्गात आपण अर्धंच नाचतो. तुकड्याची पहिली ओळ करून दाखवायची, थांबायचं, कुणाचा खांदा खाली करायचा, पुन्हा पहिली ओळ. दिवसभर पाय हलतात, पण विलंबितापासून द्रुतापर्यंत सलग ४० मिनिटं एकदाही होत नाहीत. अंगाला अर्ध्यावर थांबायची सवय लागते आणि दमसास कमी झाल्याचं कळतं ते थेट मंचावर. पुढे कायम झालीस, तर सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवावं लागतं. ते उरकून संध्याकाळी रियाज करू, असं ठरवशील तर होणार नाही. तो सकाळीच, तासांच्या आधी. शिवाय आठवड्यातून एकदा तबला आणि लेहरा (तालाची आवर्तनं धरून ठेवणारी सुरावट) घेऊन सगळं न थांबता नाचायचं, मध्ये चुकलं तरी पुढे जायचं. मी त्यासाठी एक वार राखून ठेवला होता आणि त्या वेळेत बैठकीला जात नसे. विभागप्रमुख झाल्यावरही नाही.

सी. व्ही. चंद्रशेखर यांचं उदाहरण मी मुलींना नेहमी सांगायचे. चेन्नईच्या 'कलाक्षेत्र' या संस्थेत तयार झालेले भरतनाट्यम् नर्तक, शिक्षणाने वनस्पतिशास्त्राचे एम.एस्सी. आधी बनारसला शिकवलं, मग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात नृत्य विभागाचे प्रमुख झाले, अधिष्ठाता झाले. १९९२ मध्ये निवृत्त झाले आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं मंचावर नाचत राहिले. २०११ मध्ये पद्मभूषण मिळालं. फायली सांभाळूनही अंग तयार ठेवता येतं, याचा याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही.

वर्ग तुला काय देईल तेही सांगते. मंचावर तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) संपणारा बोल, अंगातून येते. वर्गात एखादी मुलगी विचारते, 'ताई, ही बरोब्बर समेवर कशी येते?' मग फळ्यावर मांडावं लागतं. पाच मात्रांचा पल्ला (तीनदा येणारा भाग), मध्ये एका मात्रेचा दम (थांबा) : ५ + १ + ५ + १ + ५ म्हणजे १७. सोळा मात्रांच्या तीनतालात समेवरून उचललीस तर सतरावी मात्रा ही पुढची सम. लगेच दुसरी विचारते, 'खालीपासून उचलली तर?' खाली, म्हणजे तालातली टाळी नसलेली जागा, नवव्या मात्रेवर, तिथून सम धरून नऊ मात्रा, म्हणजे तीन-तीनची बेदम तिहाई. हे सगळं तुझ्या पायांना केव्हाच येतं. ते तोंडाने सांगता यायला लागलं की स्वतःची रचना बांधणं किती सोपं होतं, हे तुला वर्षभरात दिसेल. कथकच्या गुरू रोहिणीताई भाट्यांनी पुण्यात नृत्यभारती ही संस्था चालवली आणि विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातही शिकवलं. नाचणं आणि नाचाचा विचार करणं त्यांनी कधी वेगळं मानलं नाही.

आता पैशाचं. तासिका तत्त्वावर घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात, सुट्टीचे नाहीत. तेव्हा सांगलीतला क्लास बंद करू नकोस, शनिवार-रविवारवर आण. आणि नेटची, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेची, तयारी आजच सुरू कर. तिथं नृत्य आणि नाट्य मिळून एकच विषय आहे, त्यामुळे नाट्यशास्त्राबरोबर नाटकाचाही अभ्यास लागतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ज्या गावात 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्या गावच्या मुलीने नाटकाला घाबरू नये.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातली. वीस वर्षं लावणी करते. शिक्षण बारावी. एका विद्यापीठात दोन दिवसांची कार्यशाळा घेतली, मुलांना फार आवडली. माझ्यासारखीला तिथं कायमची नोकरी मिळेल का?
— एक कलावंत, सातारा

उत्तर : कायमच्या पदाला पदवी लागते, हे स्पष्ट सांगते. पण दुसरी वाट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय केली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काम केलेल्या नामवंत व्यक्तीला पदवीची अट न घालता विद्यापीठ नेमू शकतं. नेमणूक ठरावीक मुदतीची असते, जास्तीत जास्त चार वर्षांची. त्यासाठी जुन्या कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांतली कात्रणं, करारपत्रं, जे मिळेल ते एका फाइलमध्ये लावा. कलावंताकडे कला असते आणि कागद नसतो, तिथंच गाडं अडतं.

बारावी आहे, तर मुक्त विद्यापीठातून बी.ए. करा. पुढे मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत लोककलेत एम.ए. करता येतं. आणि तिथं गेल्यावर नुसती गाणी बसवून देऊ नका. तुमच्या वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. बसल्या जागी एकाच ओळीवर अदा बदलत नेणारी बैठकीची लावणी, तिचं शास्त्र मुलांपुढे मांडणाऱ्या बायका विद्यापीठात हव्यात. मला हे मनापासून वाटतं.

प्रश्न : पुढच्या महिन्यापासून नृत्य विभागाची प्रमुख म्हणून माझी पाळी येते आहे. नाचणाऱ्या माणसाने हे काम कुठून सुरू करावं?
— एक प्राध्यापिका, मिरज

उत्तर : जमिनीपासून. अगदी खरोखर जमिनीपासून. मुली फरशीवर तत्कार (कथकचं पदन्यासाचं काम) करत असतील तर त्यांच्या नडग्या आणि गुडघे पदवी हातात पडण्याआधीच दुखायला लागतील. खाली पोकळी ठेवून बसवलेली लाकडी जमीन मागा. खरेदी समिती विचारेल, रंगीत लिनोलियम चालेल का? सिमेंटवर नुसतं अंथरलेलं चालत नाही, हे लेखी द्या, अस्थिरोगतज्ज्ञाचं पत्र जोडा.

दुसरं, संगतकार. काटकसर निघाली की पहिली कात्री तबलजींवर चालते आणि मोबाइलवरचा लेहरा पुढे केला जातो. मोबाइल लय देतो, पण नाचणारीकडे बघून थांबत नाही, तिहाईला दाद देत नाही. इथं श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) हिशेब उपयोगी पडतो. लेखी विषयाच्या एका श्रेयांकाला १५ तास, प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३०. म्हणजे चार श्रेयांकांच्या एका प्रात्यक्षिकाला सत्रात १२० तास, आणि तितकेच तास तबला हवा. कार्यभाराच्या तक्त्यात संगतकाराचा वेगळा रकाना घाला. तक्त्यात नसलेल्या माणसाचं मानधन लेखा विभाग काढत नाही.

तिसरं जरा नाजूक आहे. तुमच्याकडे कथकच्या लखनौ घराण्याच्या मुली येतील, जयपूरच्याही येतील. आपण एका गुरूच्या हाताखाली वाढलो, त्यामुळे आपला हात आपल्याला बरोबर वाटतो. पण विभागप्रमुख सगळ्यांची असते. गुणदानाचे निकष, म्हणजे लय, पढंत (बोल तोंडाने म्हणणं), अंगशुद्धी, अभिनय यांना किती गुण, हे सत्राच्या पहिल्या आठवड्यात फलकावर लावा. बाहेरची परीक्षक दुसऱ्या घराण्याची बोलवा. जयपूरची मुलगी चक्करांत रमली म्हणून तिचे गुण जाता कामा नयेत. अभ्यासमंडळाच्या पहिल्याच बैठकीत हे मंजूर करून घ्या, कारण तोंडी ठरलेलं पुढच्या प्रमुखापर्यंत पोचत नाही.