राखी बांधून प्रश्न मिटेल का?

प्रश्न : मी ४२ वर्षांची असून बँकेत नोकरी करते. शाखेतील एका सहकाऱ्याशी माझी ११ वर्षांची निखळ मैत्री आहे. वाचलेल्या पुस्तकांपासून मुलांच्या प्रवेशापर्यंत आम्ही सगळे बोलतो. यजमानांची हरकत नाही. सासूबाई मात्र म्हणतात, "एवढा जिव्हाळा आहे तर राखी बांध, म्हणजे लोकांची तोंडे बंद होतील." मी काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : राखी बांधू नका. मानलेल्या भावाचे नाते आपल्याकडे खरोखरच असते आणि अनेकजणी ते जन्मभर निभावतात. पण ते मनात आधी रुजते, राखी मागाहून येते. ११ वर्षांच्या मित्राला शेजारपाजाऱ्यांच्या समाधानासाठी भाऊ करायचे, तर इतकी वर्षे तो जो कोणी होता त्याविषयी आपणच शंका घेतल्यासारखे होईल. बोलणारे राखीनंतरही बोलतीलच.

महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी कृष्णाला विचारते, की पांडवांची भार्या, तुझी सखी आणि धृष्टद्युम्नाची बहीण असलेल्या माझ्यासारखीला सभेत फरफटत कसे नेले जाते? बहीण ती धृष्टद्युम्नाची. कृष्णाची ती सखी, आणि ही दोन नाती ती एकाच दमात वेगवेगळी सांगते. पुढे लोककथेने कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधायला लावून तिला त्याची बहीण करून टाकले. सखी हे नाते पचायला जड जात असावे. तुमच्या सासूबाईंचा सल्ला त्याच वळणाचा आहे, त्यामागे दुष्टावा मात्र मला दिसत नाही.

मला खटकली ती वेगळीच गोष्ट. तुमच्या पत्रात यजमान आहेत, सासूबाई आहेत, लोक आहेत. पण त्या सहकाऱ्याच्या घरच्यांचा उल्लेख नाही. मुलांच्या प्रवेशाविषयी तुम्ही बोलता, म्हणजे ते संसारी असावेत. त्यांच्या पत्नीला ही मैत्री ठाऊक आहे का, आणि ठाऊक असल्यास तिला या मैत्रीविषयी काय वाटते, हे तुम्ही कधी विचारले आहे का? यजमानांना सांगताना जे सहज सांगता येते, तेच तिच्यासमोर बोलताना जीभ अडखळत असेल, तर ते आधी स्वतःशी तपासून पाहा. तसे नसेल, तर येत्या रविवारी त्या कुटुंबाला जेवायला बोलवा आणि सासूबाईंना त्यांच्या पत्नीशी निवांत गप्पा मारू द्या.