नागपुरात कोऱ्या जागेवर घराची बाग आखायची, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: बेसाकडे पूर्वमुखी घर, मागे पश्चिमेला १५ फूट खोल आणि ३० फूट रुंद मोकळी जागा, दक्षिणेचा प्लॉट अजून रिकामा. कंत्राटदारानं लॉन, भिंतीलगत अशोकाची रांग आणि मधोमध संत्र्याचं झाड असा प्लॅन दिलाय आणि मे संपायच्या आत सगळं लावून देतो म्हणतोय.

आधी त्याला थांबवा. नर्सरीत हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोप ४५ अंशांच्या उन्हात जमिनीत लावलं की रोज दोनदा पाणी घालूनही करपतं. आपल्याकडे लावणी जुलैची, पाऊस नीट बसल्यावर. मे महिना आखणीचा आणि खोदकामाचा.

आणि नागपुरात बाग आखायची म्हणजे आधी सावली आखायची. फुलं, फळं, भाज्या सगळं त्यानंतर.

सूर्याचा हिशोब समजून घ्या, तुमच्या जागेला तोच सगळ्यात उपयोगी पडेल. नागपूर २१ अक्षांशाच्या जरा वर आहे. २६ मेच्या सुमारास, म्हणजे ऐन नवतप्यात (मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत), दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत तो भरदुपारी किंचित उत्तरेकडे असतो आणि मावळतो वायव्येच्या बाजूला. डिसेंबरात उलट. दुपारी बारालाही तो दक्षिणेकडे कललेला, जेमतेम ४५ अंश वर, आणि मावळतो नैर्ऋत्येच्या बाजूला. ४५ अंश म्हणजे जितकी उंची तितकीच सावली. पाच फुटांच्या कंपाउंडची पाच फूट. उद्या दक्षिणेच्या प्लॉटवर कोणी वीस फूट उंच घर बांधलं, आणि बांधणारच, की हिवाळ्यात तुमच्या परसाचा दक्षिणेकडचा अर्ध्याहून जास्त भाग भरदुपारी सावलीत जाईल.

यातून आखणी जवळजवळ आपोआप निघते. मोठं झाड वायव्य कोपऱ्यात: मे-जूनचं चारनंतरचं ऊन तेच अडवेल आणि हिवाळ्यात कोणाच्या आड येणार नाही. भाजीचे वाफे उत्तरेकडच्या दहा-बारा फुटांत, कारण आपला भाजीचा खरा हंगाम हिवाळाच. दसऱ्याच्या आसपास पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) पेरा, वांगी-टमाटरची रोपं लावा, तिथं फेब्रुवारीपर्यंत ऊन मिळत राहील. नैर्ऋत्य कोपऱ्यात उंच काही नको. तिथं खताचा खड्डा, गवती चहा, मोगरा. पश्चिमेच्या कंपाउंडला जाळी उभी करून मधुमालती चढवा. ती आपल्या उन्हाला दाद देत नाही आणि अशोकापेक्षा आडोसा कितीतरी बरा करते. अशोकाची रांग दिसते छान, पण झाड उभंच्या उभं वाढतं, खाली बसण्याजोगी पसरट सावली देत नाही.

वायव्येच्या झाडासाठी मी जांब, म्हणजे पेरू, सुचवेन, कलमी. छाटून आवाक्यात ठेवता येतो. कडुनिंबाचा मोह आवरा. सावली उत्तम, पण पंधरा फुटांच्या परसात तो घराला भारी होईल.

आता माती. तुमच्या भागात काळी माती असणार आणि तिच्यावर बांधकामाचा मलबा. सिमेंट, चुना, विटांचे तुकडे, सांडलेली रेती हे सगळं निदान दीड फूट खोलीपर्यंत उचलून न्यायला लावा. त्यावर लाल माती पसरून झाकण्याचा उद्योग बरेच जण करतात, तो होऊ देऊ नका. काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात चुना मिसळला की लिंबाची, जास्वंदीची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत कमी पडलं असं वाटतं, पण जमिनीतलं लोह असूनही झाडाला उचलता येत नसतं.

मग एक फूटभर खड्डा खणून पाण्यानं भरा. जिरला की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दिसलं, तर वाफे जमिनीपासून नऊ इंच ते फूटभर उंच करायचे, दुसरा इलाज नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून घराच्या भिंतीला चिकटून वाफा करू नका. तीन फूट सोडा. एकीकडे रोज ओल आणि दुसरीकडे कोरडं राहिलं की जोत्याभोवतीच्या फरशीला तडे जातात. ते तीन फूट वाया जात नाहीत. मागच्या खोलीचा कूलर कुठं उभा राहणार? नागपुरात परसाची आखणी कूलरशिवाय करतात याचं मला नेहमी नवल वाटतं. त्याचं स्टँड, पाइप, टाकी धुवायला उभं राहायची जागा त्या पट्ट्यात धरा. कूलरवर सावली आली तर हवाही जास्त गार येते. फक्त त्याच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंड्यांना घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात.

झाडांचे खड्डे आत्ताच खणून घ्या, दोन फूट लांब-रुंद-खोल, आणि मृगापर्यंत उन्हात तापू द्या. भरताना शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं, कच्च्या शेणाला उधई (वाळवी) आणि मुळं खाणारी हुमणी अळी लागते. सोबत थोडी निंबोळी पेंड.

संत्र्याबद्दल. नागपुरात घर आणि दारी संत्रा नाही, हे मनाला पटत नाही, मान्य. पण मधोमध, लॉनमध्ये? लॉनला रोज पाणी लागतं आणि संत्र्याला बुंध्याशी ओल अजिबात चालत नाही. काळ्या मातीत पाणी साचलं की मूळकुज आणि डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, ठरलेला. लावायचाच असेल तर उंचवट्यावर लावा. कलम जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावरचं (खालचं मुळाचं झाड त्या लिंबाचं) घ्या, डोळा बांधलेली जागा, म्हणजे कलमाचा सांधा, जमिनीपासून चांगली वीतभर वर राहील असं. रस्त्याकडेच्या हातगाडीवरून घेऊ नका. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत किंवा महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयात चौकशी करा. आळं दुहेरी करा, म्हणजे पाणी बाहेरच्या कड्यात राहतं आणि खोड कोरडं. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावा. एका झाडाला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना आणि लिटरभर पाणी पुरतं. एवढं करायची तयारी नसेल तर कागदी लिंबू लावा, घरात वापरही जास्त होतो.

पाण्याचं थोडक्यात: हजार चौरस फूट छतावर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,३०० लिटर पाणी उतरतं. गच्चीचा पाइप नालीत न सोडता शोषखड्ड्याकडे वळवा, पण जोत्यापासून लांब. भाजीला ठिबक आणि उन्हाळ्यात बुंध्याभोवती तणस (भाताचा पेंढा) किंवा कुटाराचा (मळणीनंतरच्या भुशाचा) जाड थर, एवढ्यानं पाणी देण्याच्या निम्म्या फेऱ्या वाचतात.

लॉन काढूनच टाका. फारच हौस असेल तर मुलांना बसण्यापुरता तुकडा, जांबाच्या पूर्वेला, जिथं संध्याकाळी सावली येईल. कंत्राटदाराला सध्या मलबा काढणं, खड्डे, उंच वाफ्यांच्या विटा आणि नळाची एक जोडणी इतकंच काम द्या, आणि झाडांचे पैसे जुलैपर्यंत देऊ नका.